स्टेशनापासून दोन मिनिटं

मुंबईला निघालेल्या माणसाला आमच्या सोलापूरकडे घरातून पहिला प्रश्न कामाचा विचारला जात नाही. पहिला प्रश्न असतो, ‘उतरणार कुठं?’ काम होईल न होईल, ते साहेबाच्या आणि नशिबाच्या हातात. पण पाठ टेकायला जागा आहे म्हटलं की घरची माणसं निर्धास्त होतात.

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. कुणाचे मामा लालबागला असायचे, कुणाची आत्या गिरगावात. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहायची आणि नवव्या पाहुण्याची सोय बाहेरच्या गॅलरीत व्हायची. कुणी कपाळाला आठी घालत नसे, घातली तरी दाखवत नसे. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढच्या काळात गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आणि मामा-आत्या डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, पनवेल अशा गावांना पांगले. माणसं लांब गेली, पण आपली कामं तिथंच राहिली. मंत्रालय दक्षिण टोकाला, विद्यापीठाची जुनी इमारत फोर्टात, जे.जे. रुग्णालय भायखळ्याला, केईएम आणि टाटा परळला. बदलापूरच्या मामांकडं उतरून सकाळी दहाला मंत्रालय गाठायचं म्हणजे भर गर्दीत लोकलला लोंबकळणं आलं. म्हणून आता शहराच्या पोटातलीच, स्टेशनाजवळची, परवडणारी खोली शोधावी लागते.

आपल्या भाषेत हॉटेल म्हणजे चहा-भज्यांची जागा. राहायचं ते लॉजवर. आणि पत्त्याच्या सुरुवातीला आपण लिहितो तो शब्द ‘मुक्काम’. अरबीतून निघालेला हा शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि इथंच मुक्कामाला राहिला. एसटीची रात्रीची शेवटची गाडी गावात थांबते, तिला आपण मुक्कामी गाडी म्हणतो. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपतात आणि कुणीतरी त्यांना भाकरी नेऊन देतं. मुक्काम या शब्दात ती भाकरीसुद्धा आहे, असं मला नेहमी वाटतं.

मुंबईनंही परक्या माणसाच्या मुक्कामाची सोय फार पूर्वीपासून केली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. १८८८ साली व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत पूर्ण झाली. स्टेशनाच्या आणि बंदराच्या आसपास मुसाफिरांसाठी जागा उभ्या राहत गेल्या. धोबीतलावला गोव्याच्या गावोगावच्या ‘कुडी’ होत्या, काही अजूनही आहेत. बोटीवर नोकरीला जाणारा गोवेकर आपल्या गावाच्या कुडीत ट्रंक ठेवून जहाजाची वाट पाहायचा. कोकणातल्या गावांच्या खोल्या गिरगाव-माझगावात असायच्या. कोकणी मुसलमान खलाशांसाठी डोंगरीच्या बाजूला जमातीच्या खोल्या असायच्या. सी. पी. टँकला हिराबाग धर्मशाळा, क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना. हजचे यात्रेकरू मुंबईहून बोटीनं जायचे. ती बोट १९९५ मध्ये बंद झाली.

या जागांनी हजारो माणसांना आधार दिला. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. यांतल्या बऱ्याच जागा आपापल्या माणसांसाठी होत्या. गावाचा तो आत, जातीचा तो आत, जमातीचा तो आत. ज्याचं गाव मोठं नव्हतं, ज्याच्या जातीत शेठ नव्हता, त्याला स्टेशनाचा फलाट होता. लॉज आलं आणि निदान तत्त्वतः हे बदललं. पैसे द्या, किल्ली घ्या.

आता थोडं व्यवहाराचं बोलू. जवळजवळ प्रत्येक लॉजच्या जाहिरातीत एक वाक्य असतं : ‘स्टेशनापासून दोन मिनिटं.’ ही दोन मिनिटं कुणाची, ते विचारून घ्यावं. मोकळ्या हातानं चालणाऱ्या पोराची, की हातात बॅग आणि सोबत गुडघेदुखीची आई असलेल्या माणसाची? स्टेशन कुठलं, बाजू कुठली, मजला कितवा आणि लिफ्ट आहे का, हेही विचारावं. फोर्टातल्या आणि क्रॉफर्ड मार्केटकडच्या जुन्या इमारतींत लॉज वरच्या मजल्यावर असतं आणि लाकडी जिना सरळ आभाळाकडं चढतो. दोन मिनिटं रस्त्यावर जातात, पाच जिन्यावर.

दुसरी गोष्ट, आपलं काम कुठल्या मार्गावर आहे ते आधी पाहावं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून मध्य आणि हार्बरच्या गाड्या सुटतात, चर्चगेटहून पश्चिमेच्या. दोन्हींत चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे. जे.जे.साठी भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड, टाटा-केईएमसाठी परळ. मंत्रालयासाठी चर्चगेट. दादरला दोन्ही मार्ग भेटतात, म्हणून ज्याची कामं दोन दिशांना आहेत त्यानं दादरला उतरावं. तिथले फलाट डिसेंबर २०२३ पासून सलग १ ते १४ असे मोजतात, त्यामुळं ‘दादरचा एक नंबर कुठला’ हा जुना घोळ मिटला आहे.

तिसरी गोष्ट गर्दीच्या दिशेची. मुंबईची गर्दी सकाळी दक्षिणेला धावते आणि संध्याकाळी उत्तरेला. जो दक्षिण टोकाला उतरला आहे, तो सकाळी परळला जाताना गर्दीच्या उलट जातो. गाडी तिथूनच सुटत असल्यामुळं त्याला बसायलाही मिळतं. ठाण्याला किंवा वाशीला खोली दोन-चारशे रुपयांनी स्वस्त मिळेल. पण रुग्णाला घेऊन सकाळी आठच्या लोकलमध्ये चढून पाहा, मग त्या दोन-चारशे रुपयांची किंमत कळते. आणि एक विसरू नका : वांद्रे-शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाही. तिथं टॅक्सी, बेस्ट किंवा आपले पाय.

अलीकडं यात एक मोठी भर पडली. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो, साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्थानकं, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. दादर, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशी स्थानकं तिच्यावर आहेत. विमानतळही तिच्यावरच आहे. त्यामुळं पूर्वी ज्या काळबादेवी-गिरगावच्या लॉजना ‘स्टेशनापासून लांब’ म्हणून आपण फुली मारायचो, ती आता जवळची झाली. मंत्रालयाच्या माणसानं आता दादरला उतरून विधान भवनापर्यंत मेट्रोनं जायलाही हरकत नाही. मात्र ही मेट्रो सुरू झाली तेव्हा शेवटची गाडी रात्री साडेदहाच्या सुमाराची होती. लोकल साधारण एकपर्यंत चालते आणि पहाटे चारच्या आसपास पुन्हा सुरू होते. मधले तीन तास या शहरालासुद्धा चाकं नसतात. ज्यांचे कार्यक्रम उशिरा संपतात, उदाहरणार्थ आम्हा कवींचे, त्यांनी लॉजचं शटर किती वाजता पडतं आणि पडल्यावर उघडायला कोण उठतं, हे आधीच विचारून ठेवावं. रविवारी मेगाब्लॉक असतो, तोही शनिवारीच पाहून ठेवावा.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हिशेबाचा. आमची सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सोलापूरहून निघते आणि सकाळी मुंबईत सोडते. आपण सकाळी खोली घेतो. लॉजचा दिवस दुपारी बाराला संपत असेल, तर संध्याकाळपर्यंत दोन दिवसांचं भाडं डोक्यावर बसतं. चोवीस तासांचा हिशेब असेल तर एकाच दिवसाचं. नुसतं तोंड धुऊन, कपडे बदलून काम करायचं आणि रात्रीच्या गाडीनं परतायचं असेल, तर खोली घेऊच नका. रेल्वेची विश्रांतीगृहं तिकिटाच्या पीएनआरवर मिळतात. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून एका माणसापुरते झोपायचे कप्पेही आहेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. या कप्प्यात दुसरा इलाजच नसतो.

आता परळकडं वळतो. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथं येतात. किरणोपचार एका दिवसात संपत नाहीत, आठवडेच्या आठवडे चालतात. इतके दिवस लॉजचं भाडं शेतमजुराच्या घरानं कुठून आणायचं? म्हणून रुग्णालयाच्या बाहेर, फूटपाथवर, प्लास्टिकच्या कागदाखाली माणसं राहतात. स्टेशनापासून दोन मिनिटंच, पण छताशिवाय. ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांनी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, वांद्र्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या स्मरणार्थ उभं केलेलं निवासस्थान आहे. जागा कमी आणि माणसं जास्त, हे खरंच. पण अशी सोय असते हे ठाऊक नसल्यामुळं जो फूटपाथवर झोपतो, त्याच्यापर्यंत तरी ही माहिती पोचावी.

गाडगेबाबांनी स्वतःसाठी चार भिंती बांधल्या नाहीत. लोकांसाठी मात्र नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहूला धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हवाली केली. बाबासाहेबांना निवाऱ्याचं मोल कुणी वेगळं सांगायला नको होतं. परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर हजर व्हायला ते गेले तेव्हा शहरात त्यांना कुणी खोली देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं जिन्यावर आली आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचे तास त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढं ज्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्या पंधराव्या कलमात हॉटेल हा शब्द आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात मज्जाव करता येणार नाही, असं ते कलम सांगतं. देशाच्या घटनेत हॉटेलची दखल का घ्यावी लागली, ते बडोद्याच्या त्या बागेतल्या तासांवरून समजतं.

जमशेटजी टाटांना काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला गेला, म्हणून त्यांनी १९०३ मध्ये ताज उभं केलं, अशी एक गोष्ट मुंबईत सांगतात. इतिहासकार तिच्यावर शंका घेतात. पण ती लोकांच्या तोंडी टिकून राहिली, कारण काउंटरवरून परत फिरावं लागणं म्हणजे काय, हे या देशात पुष्कळांना ठाऊक आहे.

मलाही आहे. काही वर्षांपूर्वी कविसंमेलनासाठी गेलो होतो. एका लॉजवर फोन केला. माझं मराठी ऐकून पलीकडचे गृहस्थ खूश झाले. ‘या की साहेब, खोली आहे.’ अर्ध्या तासात पोचलो, ओळखपत्र काउंटरवर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘मघाशीच भरली.’ त्यांच्या मागं खिळ्यांना किल्ल्या लटकत होत्या. मी वाद घातला नाही, बॅग उचलली. पुढच्या गल्लीत दुसऱ्या लॉजवर गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मॅनेजरनं वही पुढं केली, ओळखपत्राचा नंबर उतरवून घेतला आणि मान वर न करता म्हणाला, ‘गरम पाणी साडेपाच ते आठ. नंतर ओरडायचं नाही.’ त्या रात्री त्याच्याइतकं गोड माझ्याशी कुणी बोललं नाही.

२००८ च्या २६ नोव्हेंबरला याच शहरातल्या स्टेशनावर आणि हॉटेलांत माणसं मारली गेली. त्यानंतर ओळखपत्राची तपासणी कडक झाली आणि ती व्हायलाच हवी. मला तिची तक्रार नाही. ओळख पटवण्यासाठी नाव वाचणं वेगळं आणि नाव वाचून ओळख नाकारणं वेगळं. एकट्या बाईला ‘सोबत कोण आहे’ विचारून दारातून परत पाठवणारी लॉजेसही आहेत. परीक्षेला आलेली मुलगी, कोर्टाच्या तारखेला आलेली विधवा, रात्री अकराला स्टेशनावर उतरल्यावर त्यांनी जायचं कुठं?

लोकलच्या तिकीट खिडकीवर आपलं नाव कुणी विचारत नाही. भायखळा म्हटलं की भायखळ्याचं तिकीट मिळतं. मुंबईचा मोठेपणा मला त्या खिडकीत दिसतो. स्टेशनापासून दोन मिनिटांवर असल्याचं सांगणाऱ्या लॉजनं त्या खिडकीपासूनही फार लांब जाऊ नये, एवढंच मागणं आहे.

श्रोतेहो, मुंबईला निघण्यापूर्वी फोनवर पाच प्रश्न विचारा : स्टेशन कुठलं, मजला कितवा, हिशेब चोवीस तासांचा की बाराचा, शटर किती वाजता आणि गरम पाणी केव्हा. आणि आपल्यापैकी कुणी लॉज चालवत असतील, तर दारात आलेल्या माणसाला सहावा प्रश्न पडू देऊ नका. तो थकून आलेला असतो. त्याची घरची माणसं तिकडं फोनची वाट पाहत असतात. ‘खोली मिळाली’ एवढे दोन शब्द त्यांना ऐकायचे असतात.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)