त्रेपन्न महिन्यांची राखण



खोल समुद्रातला प्राणी जाळ्यातून वर आला की त्याचं शरीर हाती लागतं. तो जगतो कसा, ते खालीच राहतं. ते पाहायला माणसाने जायचं, तर १४०० मीटरवर दाब इथल्या हवेच्या जवळपास १४० पट. म्हणून दूरनियंत्रित यान सोडतात. रेडिओलहरी पाण्यात फार दूर जात नाहीत, तेव्हा यान लांबलचक केबलने जहाजाला बांधलेलं असतं. त्याच केबलमधून खाली वीज जाते आणि वर चित्र येतं. जहाजावरचा चालक पडद्याकडे पाहत यान आणि त्याचा यांत्रिक हात हलवतो.

कॅलिफोर्नियात माँटेरेच्या समुद्रात ब्रूस रॉबिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एप्रिल २००७ मध्ये अशाच यानातून एक ऑक्टोपस मादी कड्याकडे सरकताना दिसली. पुढच्या महिन्यात ती त्या कड्याला चिकटून अंडी राखत होती. अंगावरच्या व्रणांवरून ओळख पटली. साडेचार वर्षांत यान तिच्याकडे १८ वेळा गेलं. आजूबाजूला खेकडे, कोळंबी फिरायची, पण ती त्यांना नुसतं दूर सारायची. यांत्रिक हाताने पुढे केलेला खेकड्याचा तुकडाही तिने घेतला नाही. तिची जांभळट कातडी फिकी पडून सैल झाली, डोळे गढूळले. अंडी मात्र वाढत होती.

सप्टेंबर २०११ मध्ये ती शेवटची दिसली. ऑक्टोबरमध्ये कड्यावर अंड्यांची रिकामी, फाटकी वेष्टनं तेवढी उरली होती. ५३ महिने! इतका काळ अंडी राखणारा दुसरा प्राणी तोवर ठाऊक नव्हता. तिथलं पाणी ३ अंश सेल्सिअसच्या आसपास. अशा थंडीत गर्भ सावकाश वाढतो, पण पिल्लू बाहेर येतं ते स्वतः शिकार करण्याइतकं तयार होऊनच.

एवढ्या काळात तिने काहीच खाल्लं नाही? यान गेलं तेव्हा ती खाताना दिसली नाही, एवढंच म्हणता येतं. मधले महिने कोणी पाहिलेले नाहीत.

आता असा मधला काळ पाहण्याचीही सोय झाली आहे. तिथून जवळच, डेव्हिडसन सागरी पर्वतापाशी ३२०० मीटरवर, दुसऱ्या जातीचे हजारो ऑक्टोपस अंडी घालायला जमतात. २०२२ मध्ये तिथे ठेवलेला कॅमेरा महिनोन्महिने दर २० मिनिटांनी चित्र टिपत होता. तिथे तळातून कोमट पाणी झिरपतं आणि अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात. जितके दिवस कमी, तितका शत्रूंचा धोका कमी. माद्या तीच जागा का धरतात, त्याचं उत्तर बहुधा यातच आहे.