ठेका कोणाच्या हाती?

‘रोझगार्डन’ या स्वरलेखनाच्या आज्ञावलीत ठेका लिहावा आणि तो ‘हायड्रोजन’ या संगणकातील ढोलयंत्राकडून वाजवून घ्यावा, हे आज घरबसल्या साधते. दोन्ही आज्ञावल्या मुक्त आहेत. त्यांची घडण कोणीही वाचावी, सुधारावी. त्यांना जोडते ती १९८३ साली प्रचारात आलेली ‘मिडी’. तिच्यातून नाद वाहत नाही. जातो तो केवळ निरोप, की अमुक आघात, अमुक जोराने. १९९१ साली ठरलेल्या संकेतानुसार तालवाद्यांसाठी १० वी वाहिनी राखलेली असून ३६ हा अंक पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलाचा, ३८ हा तारा ताणलेल्या पडघमाचा होय. जोडणी होऊनही आवाज उमटला नाही, तर प्रथम वाहिनी व अंक जुळतात का, ते पाहावे.

मग वादक संपला काय? आम्हांस तसे वाटत नाही. आघाताचा जोर १ ते १२७ या अंकांत लिहावयाचा असतो. सारे आघात एकाच जोराचे लिहिले, की ठेका निर्जीव होतो. कोठे ६० आणि कोठे ११०, हे आपणच ऐकून ठरवावे लागते. आज्ञावली फुकट मिळेल. कान मात्र ज्याने त्याने तयार करावयाचा आहे.