मसुद्यावरचे अदृश्य हात

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वकिलांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने स्वतःच्या अपात्रतेचा पाढा वाचून भाषणास आरंभ करावा असा आपल्याकडे प्रघात आहे. वेळ थोडा असल्यामुळे ती अपात्रता आपण गृहीत धरावी, एवढीच विनंती करतो. वकिलांच्या संमेलनात अणुऊर्जेचा विषय कशासाठी, असे मात्र काहींच्या मनात येईल, आणि ती शंका रास्त आहे. अणुभट्टीच्या गर्भात काय घडते हे मला आपल्याहून अधिक समजते असा माझा दावा नाही. परंतु या देशाच्या अणुधोरणावर धनाढ्य कंपन्यांनी जो प्रभाव गाजवला तो भट्टीच्या रचनेवर फारसा नव्हे, तर कायद्याच्या कलमांवर आणि कराराच्या शर्तींवर गाजवला, असे माझे मत झाले आहे. आणि कलमे व शर्ती हा तर आपला रोजचा व्यवहार आहे. निजामी अमदानीतल्या कचेऱ्यांत वावरलेले आपले जुने वकील कोणाचाही तोंडी हवाला ऐकून न घेता आधी मिसल मागत असत. मीही आज मिसलच मागणार आहे.

या कथेचा पूर्वरंग अणुऊर्जेचा नाही, दाभोळच्या वीजप्रकल्पाचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात, भूगर्भशास्त्रज्ञांनी स्थिर मानलेल्या आपल्या भूमीने किल्लारी आणि आसपासची गावे गिळली, आणि ढिगाऱ्यांखालची माणसे मोजून पुरी होतात न होतात तोच, 8 डिसेंबर रोजी, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध नाही. परंतु ज्या काळात मराठवाड्याचे डोळे दुसरीकडे लागले होते त्याच काळात मराठवाड्याच्याही वीजबिलावर बोजा टाकणारा दस्तऐवज सहीशिक्क्यानिशी पुरा झाला, याची नोंद या व्यासपीठावरून होणे मला अगत्याचे वाटते. जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला होता. करार गोपनीय राहिला. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या गटाने त्याची आकडेमोड लोकांपुढे मांडली ती पुढे. बीडच्या गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळ उपसमितीच्या शिफारशीवरून 1995 च्या ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, कंपनीच्या रिबेका मार्क मुंबईत आल्या, वाटाघाटी झाल्या, आणि काही महिन्यांतच तो पुनश्च, अधिक मोठ्या आकाराने, जिवंत झाला. अखेर लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री असताना, 2001 मध्ये, मंडळाने ती महागडी वीज घेणे थांबवले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉननेच अमेरिकेत दिवाळे काढले.

मला यातील एकच गोष्ट आपल्या ध्यानात आणून द्यावयाची आहे. भारतीयांच्या 'शिक्षणासाठी' व प्रकल्पाच्या पूर्वतयारीसाठी सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केल्याचे या कंपनीच्या लिंडा पॉवर्स यांनी 1995 मध्ये सांगितले, ते आपल्या विधानसभेपुढे नव्हे, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे. एवढ्या खर्चाच्या त्या शाळेचा हजेरीपट अद्याप प्रसिद्ध झालेला नाही! अमेरिकेत 1995 च्या कायद्यान्वये व्यावसायिक मध्यस्थांना आपली नोंदणी करून कोणासाठी किती रक्कम घेतली ते जाहीर करावे लागते. आपल्याकडे तसा कायदाच नाही. 'लॉबिंग' हा शब्द आपण लाचेच्या शेजारी बसवला, त्याविषयी नाक मुरडले, आणि ज्याचे नियमन करावयाचे त्याचे अस्तित्वच नाकारून मोकळे झालो. परिणामी आपल्याच सरकारवर आलेल्या दबावाचा पुरावा शोधण्यासाठी आपल्याला परक्यांची दफ्तरे चाळावी लागतात.

भारत-अमेरिका अणुकराराचे तेच झाले. अमेरिकेतील व्यापारी संघटनांनी त्या कराराच्या मंजुरीसाठी आपल्या लोकप्रतिनिधींकडे उघडपणे रदबदली केली; त्यांच्या देशात ते सनदशीर आहे. किमान 10,000 मेगावॅटच्या अणुभट्ट्या अमेरिकी कंपन्यांकडून विकत घेण्याचे इरादापत्र भारत सरकारने दिले आहे, ही गोष्ट 2008 च्या सप्टेंबरात अमेरिकी सिनेटच्या समितीपुढील साक्षीत आली. आपल्या बाजूने एकच ठळक कबुलीजबाब मला आढळतो, आणि तो, सुदैवाने, मराठीत आहे. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी 2011 च्या जानेवारीत 'सकाळ'मध्ये लिहिले की, भारताच्या अणुव्यापारावरील निर्बंध उठवण्यात अमेरिका, रशिया व फ्रान्स यांचे साहाय्य घेतले गेले आणि त्यांच्या व्यापारी हितसंबंधांचा विचार करूनच प्रकल्पांचे करार करण्यात आले. एवढ्या अधिकारी पुरुषाने हे इतक्या सरळपणे लिहावे याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. मात्र जैतापूर अणुप्रकल्पाची निवड विजेची गरज, स्थळाची योग्यता आणि यंत्राची गुणवत्ता या तीन निकषांवर झाली असे माडबन-मिठगवाण्याच्या शेतकऱ्यांना आणि साखरी नाट्याच्या मच्छीमारांना सांगितले जात असताना, चौथा निकष त्यांच्यापासून दडवला गेला होता, एवढे त्या लेखावरून सिद्ध होते.

जैतापूरसाठी निवडलेली फ्रान्सच्या अरेवा कंपनीची भट्टी त्या वेळी जगात कोठेही चालू झालेली नव्हती. फिनलंडमध्ये 2005 साली बांधावयास घेतलेली तिची बहीण नियमित वीज देऊ लागली ती 2023 मध्ये, आणि मधल्या काळात अरेवाचाच आर्थिक कणा मोडून तिचा भट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या सरकारी कंपनीच्या पदरात गेला. निविदा मागवल्या असत्या तर अशी यंत्रे कागदावर तरी टिकली असती काय?

आता आपल्या खास प्रांताकडे वळतो. अणुहानीच्या नागरी दायित्वाचे विधेयक 7 मे 2010 रोजी लोकसभेत मांडले गेले, आणि बरोबर एक महिन्याने भोपाळ वायुदुर्घटनेच्या खटल्याचा तो लज्जास्पद निकाल लागला. त्या क्षोभात, सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा अणुकेंद्राच्या चालकाचा हक्क 17 व्या कलमात कितपत असावा, यावर सारा वाद एकवटला. या कलमात दोन पोटकलमांच्या मध्ये 'आणि' हे अव्यय येऊन बसले. म्हणजे करारात लेखी तरतूद आणि यंत्रातला दोष, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याखेरीज वसुली नाही! त्यावर गदारोळ होताच ते गेले, आणि त्याच्या जागी पुरवठादाराचा 'हेतू' सिद्ध करण्याची अट आली. सदोष झडप कोणी हेतुपुरस्सर बनवील काय, हा प्रश्न आपल्यातला कनिष्ठातला कनिष्ठ वकीलही विचारील. विरोधकांनी हाही शब्द काढावयास लावला, आणि 25 ऑगस्ट रोजी लोकसभेने विधेयक संमत केले. हे शब्द कोणाच्या सूचनेवरून आत आले, हे नागरिकाला अधिकृत दफ्तरातून पाहता यावे अशी सोय आपल्या व्यवस्थेत नाही.

पुढील पंधरा वर्षे परदेशी कंपन्या, त्यांची सरकारे आणि देशी पुरवठादारही सदोष यंत्राबद्दलच्या या एका पोटकलमाविरुद्ध तक्रार करीत राहिले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. बहुतेक देशांत दायित्व चालकावरच केंद्रित असते, आणि अमर्याद जोखमीचा विमा कोणीही उतरवीत नाही. मी अणुऊर्जेचा शत्रूही नाही. तारापूर 1969 पासून महाराष्ट्राला वीज देत आहे, आणि ज्या लातुराला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातुराने कोळशाच्या औष्णिक केंद्रांची पाण्याची भूक विसरू नये. अर्थात अणुभट्टीलाही पाणी लागतेच. परंतु 2025 च्या डिसेंबरात 'शांती' या नावाने जो नवा कायदा झाला, ज्याने 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा दायित्व कायदा हे दोन्ही मोडीत काढून खाजगी भांडवलाला दार उघडले आणि सदोष यंत्राबद्दलचे ते पोटकलम वगळले, तो 15 तारखेला मांडला जाऊन 18 तारखेपर्यंत दोन्ही सभागृहांतून पार पडला, आणि समितीकडे पाठवण्याची मागणी मान्य झाली नाही. पंधरा वर्षांच्या तक्रारीचा निकाल चार दिवसांत लागला. आपल्या दिवाणी न्यायालयात साधी तारीखही इतक्या लवकर मिळत नाही.

कायदा झाला, आता त्याखालील नियम व्हावयाचे आहेत, आणि बारीक अक्षरांतली खरी घासाघीस तेथेच होते. केंद्र सरकारने 2014 मध्ये स्वतःच ठरवलेल्या पूर्वविचारविनिमयाच्या धोरणानुसार मसुदे तीस दिवस लोकांपुढे ठेवून आलेल्या सूचनांचा सारांश प्रसिद्ध करावयाचा असतो. लातूरच्या मित्रांनी तयार करून आणलेल्या ठरावात एवढीच मागणी आहे की, या नियमांच्या बाबतीत सारांशावर न थांबता प्रत्येक सूचना, ती करणाऱ्या कंपनीच्या किंवा संघटनेच्या नावासह, आणि त्यांच्याशी झालेल्या बैठकांच्या तारखांसह प्रसिद्ध व्हावी. ठरावाच्या तिसऱ्या परिच्छेदातील 'शक्य असल्यास' हे दोन शब्द गाळावेत अशी माझी दुरुस्ती आहे. दुपारच्या बैठकीत ती मी अध्यक्ष या नात्याने नव्हे, तर एक सभासद म्हणून मांडीन, आणि त्या वेळी खुर्चीवर दुसऱ्या कोणीतरी बसावे.