दोर कशासाठीं?



बारामती-इंदापूरच्या सपाट मुलुखांत आयुष्य घालविलेल्या शिक्षकानें कडे चढण्याच्या कलेविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु या कलेचें मर्म मला एका विहिरींतच उमगलें.

1972 च्या दुष्काळांत आमच्या इंदापूर तालुक्यांतील गांवच्या विहिरीचें पाणी अगदीं तळाला गेलें होतें. एके दिवशीं पोहरा आंत पडला. तो काढण्यास मी उतरलों. नानांनीं माझ्या कमरेस दोर बांधला व बजावलें, "दोराला लोंबकळूं नकोस. हातापायांनीं चढ. दोर आहे तो पडलास तर धरायला." वर येतांना दगडावरून माझा पाय निसटला. दोरानें मला तोललें. पण नानांनीं ओढून घेतलें नाहीं. पुन्हां पाय रोवून मी स्वतःच वर आलों.

पाश्चात्त्य गिर्यारोहक जिला फ्री क्लाइंबिंग म्हणतात, ती मुक्त चढाई नेमकी हीच. मुक्त म्हणजे दोराविना, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. दोर असतो, पण केवळ जिवाच्या राखणीसाठीं. खडकाच्या खांचा व कंगोरे धरून, पायांवर भार देत वर जावयाचें तें स्वतःच. दोराला किंवा ठोकलेल्या खिळ्याला धरून वर सरकल्यास ती चढाई मुक्त राहत नाहीं.

आपला सिंहगडच पाहा. 1670 सालीं, सभासदाच्या बखरीप्रमाणें, प्रथम दोन निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून गेले. मग त्यांनीं लावलेल्या माळेवरून तानाजी मालुसरे व इतर मंडळी वर गेली. युद्धांत गड हातीं येणें हेंच साध्य. तेथें साधनाचा विधिनिषेध कशाला? खेळांत मात्र कसें चढलों, यालाच मोल.

अमेरिकेंतील एल् कॅपिटन हा सुमारें 3000 फूट उंचीचा कडा 1958 सालीं खिळे ठोकून, दोर लावून सर झाला. त्याच 'नोज' नांवाच्या वाटेनें 1993 सालीं लिन हिल या स्त्रीनें मुक्त चढाई केली. पस्तीस वर्षांत कडा तोच राहिला. वाढलें तें माणसाचें सामर्थ्य.

मात्र तरुण श्रोत्यांना एक सांगणें आहे. आपल्या सह्याद्रीचा खडक ठिकठिकाणीं सुटा असतो. दोर धरणारा जाणता सोबती नसेल, तर कड्याला हात लावूं नये.

आणि एक कबुली माझी. शिक्षक या नात्यानें कित्येक मुलांना मीं उत्तरें सांगून वर ओढून घेतलें. तीं उत्तीर्ण झालीं; चढावयास मात्र शिकलीं नाहींत. नानांना जें विहिरीच्या कांठावर कळलें होतें, तें मला वर्गांत फार उशिरां कळलें.