वडीलधाऱ्यांचे पाऊल
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आयुष्यभर मुलांना शिकविले. आज वडीलधाऱ्यांच्या चालण्याविषयी चार शब्द निवेदन करावयाचे आहेत.

जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत आपल्या घरोघरी एक वाक्य कानी पडते : ‘आता वय झाले.’ वडील पाय फाकवून, घासत चालू लागतात. वळताना पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होते. पुढे लघवी आवरत नाही, विस्मरण होते. आई तर लाजेने कोणापाशी बोलतही नाही. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर त्यामागे नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस हा विकार असू शकतो. कोलंबियाचे डॉ. हाकीम व अमेरिकेचे डॉ. ॲडम्स यांनी १९६५ साली तो वैद्यकविश्वापुढे मांडला.

मेंदूत दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होऊन रक्तात शोषला जातो. हा निचरा बिघडला म्हणजे मेंदूतील पोकळ्या फुगतात. अशा वेळी पाठीच्या कण्यातून थोडा द्रव काढून चाल सुधारते काय, हे डॉक्टर पाहतात. सुधारल्यास शंट, म्हणजे झडप असलेली बारीक नळी, त्वचेखालून घालून जादा द्रव पोटाच्या पोकळीत सोडतात.

लाभ किती? २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९९ रुग्णांना शंट बसविला. निम्म्यांची झडप चालू ठेवली, उरलेल्यांची जवळजवळ बंद. तीन महिन्यांनी पहिल्या गटाची चाल मिनिटास सुमारे १४ मीटरने वाढली, दुसऱ्याची दोन मीटरांहूनही कमी. पहिल्या गटात २४ टक्के रुग्ण पडले, दुसऱ्यात ४६ टक्के. मात्र स्मरणशक्ती व लघवी यांत तेवढ्या अवधीत स्पष्ट फरक दिसला नाही; आणि मेंदूभोवती रक्तस्राव पहिल्या गटात १२ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्यात दोन टक्क्यांना. दोन्ही बाजू तोलूनच निर्णय करावा.

चौदा मीटर हा आकडा अल्प वाटेल. परंतु बाजेवरून उठून, अंगण ओलांडून, कोणाचा हात न धरता न्हाणीपर्यंत जाणे यात माणसाची अब्रू असते. ती परत मिळाली, तर सुनेचा भार हलका होतो आणि वृद्धाचा संकोचही.

शस्त्रक्रियेनंतरचे काम मात्र कुटुंबाचे. रोज सोबतीने चालवावे. न्हाणीत धरावयास दांडी बसवावी, ओली फरशी पुसावी. ताप, वांती, वाढती डोकेदुखी किंवा सुस्ती दिसली, अथवा चाल पुन्हा बिघडली, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. नळी तुंबू शकते, जंतुसंसर्गही होऊ शकतो. काही झडपा चुंबकाने जुळविता येतात. म्हणून एमआरआयपूर्वी शंटची माहिती अवश्य द्यावी व त्याचे कागद जपून ठेवावेत.

मी स्वतः साठी ओलांडली आहे. म्हणून तरुणांस आग्रहाने विनवितो. नांदेड वा छत्रपती संभाजीनगर येथील मेंदूविकारतज्ज्ञांकडे एकदा वडिलांना, आईला दाखवावे. प्रत्येकाचा विकार हाच निघेल असे नव्हे. पण तपासण्यापूर्वीच त्यांना बाजेवर बसवून ठेवू नये.