लघवीची नळी आणि घरची काळजी

घरात कुणाला लघवीची नळी,
म्हणजे कॅथेटर, बऱ्याच दिवसांसाठी लावली आहे का?
मग हे नीट ऐका.

नळीला हात लावण्याआधी
साबणाने हात धुवा.
नंतरही धुवा.

आता पिशवी.
ती नेहमी कमरेच्या खाली हवी.
पण जमिनीला टेकता कामा नये.

कासूहून पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात
रिक्षाने जाताना
सोयीचं म्हणून ती मांडीवर ठेवली जाते.
तसं करू नका.
साचलेली लघवी उलटी मूत्राशयात जाते.
आणि तिच्यासोबत जंतूही.

पिशवी काठोकाठ भरू देऊ नका.
नळी कुठे दबली नाही ना, बघा.
नळीभोवतीची जागा
रोज साबण-पाण्याने धुवा.

लघवी नुसती गढूळ दिसली,
म्हणून घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका.
पुढे खरी गरज पडते,
तेव्हा त्या लागू पडत नाहीत.

पण थंडी वाजून ताप आला,
ओटीपोट दुखलं,
म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं,
किंवा पिशवीत लघवी येणंच थांबलं,
तर सकाळची वाट पाहू नका.
लगेच दवाखाना गाठा.

पुन्हा सांगते.
हात धुतलेले.
पिशवी कमरेखाली.

आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचाराच,
ही नळी अजून ठेवायला हवी का?