दुसरी किल्ली
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा मोबाइल मोजक्यांकडेच होता. तळमजल्यावर कुणाचा तरी फोन यायचा आणि जिन्यातून हाक मारली जायची. आज मेंटेनन्स मोबाइलवरून भरतो, भाजीवालाही क्यूआर कोड पुढे करतो. यूपीआय आलं 2016 मध्ये, पण त्याआधी आपलं कसं भागायचं हे नातवंडांना पटत नाही. मी या सोयीच्या विरोधात नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी रांगेत उभं राहण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण सारी नोकरी बँकेत गेली, म्हणून एक सांगतो. आमच्या शाखेची तिजोरी एका किल्लीने कधीच उघडत नसे. एक किल्ली कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. यात अविश्वास नव्हता. एकटा माणूस घाबरू शकतो, भुलू शकतो, म्हणून ही सोय. आता तिजोरी आपल्या खिशात आली आणि किल्ली मात्र एकच उरली. भामट्यांना हे बरोबर कळलंय.

आपल्याच सोसायटीतल्या एका ज्येष्ठ भगिनींची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगतो. सकाळी व्हिडिओ कॉल आला, समोर गणवेशातला माणूस. "तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही." एफडी मोडायची तयारी झाली होती. दहा वाजले तरी दुधाची पिशवी दाराला तशीच, म्हणून समोरच्या वहिनींनी बेल वाजवली आणि वाजवतच राहिल्या. दार उघडलं, पैसे वाचले. वाचवलं ते कुठल्या ॲपने नाही, शेजाराने.

लक्षात ठेवा, डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यातच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. लग्नपत्रिका किंवा वीजबिल म्हणून एपीके फाइल आली तर उघडू नका. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब 1930 ला फोन करा, बँकेला कळवा. चोरलेले पैसे भराभर एका खात्यातून दुसऱ्यात फिरवले जातात. लवकर कळवलं तर वाटेत अडवता येतात.

तरुण मंडळींना विनंती आहे. आई-बाबांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली, तरी "तुम्हाला नाही कळणार" म्हणू नका. घरात विचारायचा संकोच वाटला, की माणूस फोनवरच्या परक्याचं ऐकतो.

आपल्या ग्रुपवर रोज पन्नास सुप्रभात येतात, पण वरच्या मजल्यावर कोण आजारी आहे ते चार दिवसांनी कळतं. म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक ज्येष्ठाने मजल्यावरचा एक शेजारी आपली दुसरी किल्ली म्हणून ठरवावा. त्याला पिन सांगायचा नाही, पासबुक दाखवायचं नाही. "असा असा फोन आलाय" एवढंच सांगायचं. घाई, धाक आणि "कुणाला सांगू नका" हे तिन्ही एकत्र आले, की फोन ठेवायचा आणि शेजारची बेल वाजवायची.

आणि बेल वाजली की आपण टीव्ही बंद करून दार उघडायचं.